चूर्णाची पुडी तपासायची कुणी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री ह्यांच्या पायाचा अंगठा लालबुंद झाला. चादर नुसती लागली तरी कळवळायचे. युरिक अ‍ॅसिड वाढून सांधा सुजलेला, म्हणजे गाऊट. ओळखीतल्या एकाने ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ चूर्ण आणून दिलं. दोन दिवसांत सूज उतरली, आम्हाला देवच पावला! दीड महिन्यात मात्र ह्यांचा चेहरा सुजून गोल झाला, साखर कधी नव्हे ती वाढली. पुडीत स्टिरॉइड मिसळलेलं असावं, असा डॉक्टरांचा संशय. पुडीवर घटक नाहीत, मात्रा नाही, बनवणाऱ्याचं नावही नाही.

झाडपाल्याला नावं ठेवायला हे लिहीत नाही. चरकसंहितेत वातरक्तावर, म्हणजे गाऊटसारख्या दुखण्यावर, स्वतंत्र अध्याय आहे. डॉक्टर गाऊटवर देतात ते कोल्चिसिनही मूळचं वनस्पतीतलंच. १८२० मध्ये फ्रान्समध्ये ते एका कंदातून वेगळं काढलं गेलं. आपल्या कळलावीतही तेच असतं. पावसाळ्यात सह्याद्रीत तिची लाल-पिवळी फुलं ज्वाळांसारखी दिसतात. पण तिच्याच कंदाने माणसं दगावली आहेत. कोल्चिसिनची गोळी असते अर्ध्या मिलिग्रॅमची, आणि कंद उगाळून घेतला तर पोटात किती गेलं हे नजरेला कळत नाही. औषध आणि विष यांतलं अंतर इतकं कमी असताना अंदाजाने चमचा भरायचा?

अमुक पानांच्या अर्काने युरिक अ‍ॅसिड उतरतं, असे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येतात. युरिक अ‍ॅसिड तयार करणाऱ्या झँथिन ऑक्सिडेज या एन्झाइमला कितीतरी अर्क प्रयोगशाळेत रोखतात, हे खरंच आहे. डॉक्टर देतात ते अ‍ॅलोप्युरिनॉल हे औषधही त्यालाच रोखतं. पण परीक्षानळीतला अर्क पोटात गेल्यावर टिकतो का, किती घ्यावा, किडनीला सोसतो का, हे रुग्णांवर रीतसर तपासल्याशिवाय त्याला औषध कसं म्हणायचं? ही तपासणी आपल्याकडच्या संशोधकांनी जरूर करावी, वनस्पती तर आपल्याच डोंगरांत आहेत.

आयुर्वेदिक औषध बनवून विकायलाही परवाना लागतो आणि लेबलवर घटक लिहावे लागतात. मग या बिननावाच्या पुड्या मुंबईत इतक्या सहज मिळतात कशा? अन्न व औषध प्रशासनाने त्यांचे नमुने घ्यावेत आणि निष्कर्ष वर्तमानपत्रांतून जाहीर करावेत, ही कळकळीची विनंती.

उरलेली अर्धी पुडी मी डब्यात जपून ठेवली आहे. ती तपासायला कुठे द्यायची, एवढं तरी कुणी सांगेल का?

– एक वाचक, लालबाग, मुंबई