कडीविषयी पुन्हा एकदा

चि. सुहास यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सुखरूप पोहोचल्याचा आणि सोमवारपासून शाळेत रुजू होत असल्याचा निरोप मिळाला. निघताना आपली जी वादावादी झाली तिच्यानंतर न्हाणीघराच्या कडीचा विषय पुन्हा काढायचा नाही, असे मी मनाशी पक्के ठरवले होते. तरीही लिहिते. त्या चक्करेच्या दुखण्यातून तू अजून पुरता सावरलेला नाहीस, तोवर आंघोळीला जाताना आतून कडी लावू नकोस. तू एकटाच राहतोस, त्यामुळे दार नुसते लोटून घेतले तरी कोणाची अडचण होणार नाही; घराची दुसरी किल्ली तेवढी शेजारी देऊन ठेव. हा विषय मी येथेच संपवते.

माझा हा आग्रह केवळ आईचा भित्रेपणा नाही, हे तुला पटावे म्हणून तुझ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलेलेच पुन्हा सांगते. शरीराला आपला तोल तीन ठिकाणांहून कळतो: डोळ्यांतून, पायांच्या तळव्यांतून आणि सांध्यांतून, आणि कानाच्या आत खोलवर असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या शेजारच्या दोन पिशव्यांतून. तोंडाला साबण लावून डोळे मिटलेस की पहिली वाट बंद होते, ओल्या फरशीवर दुसरी भरवशाची राहत नाही, आणि उरते ती तिसरी, जिची डावी बाजू तुझ्या बाबतीत अजून पुरती सावरलेली नाही. घरातल्या सगळ्या जागांत नेमकी तीच जागा अशी आहे की जेथे तुझे तिन्ही आधार एकदम कमी होतात. अण्णांच्या वेळी दार फोडावे लागले होते, हे तुला मी सांगायला नको.

दुखणे सुरू झाले त्या पहाटेची तुझी अवस्था मला अजून दिसते. बिछान्यावर उठून बसताही येत नव्हते, डोळ्यांची बुबुळे एकाच दिशेने सारखी झटके देत होती, पोटात पाणी ठरत नव्हते, आणि तू भिंत घट्ट धरून ‘खोली थांबवा’ असे म्हणत होतास. मला त्या क्षणी पक्षाघाताखेरीज दुसरे काही सुचले नाही. रुग्णालयात त्या तरुण डॉक्टरांनी तुला त्यांच्या नाकाकडे पाहत राहायला सांगितले आणि तुझे डोके अचानक बाजूला वळवले. उजवीकडे वळवताना नजर नाकावर खिळून राहिली, डावीकडे वळवताना मात्र ती घसरली आणि मग झटक्यात परत आली. ते पाहून ते निश्चिंत झाले आणि माझी घाबरगुंडी उडाली. नजर घसरणे ही चांगली बातमी कशी असू शकते, हे मला नंतर समजले. सतत गरगरत असलेल्या माणसाची नजर अशी घसरली तर दोष बहुधा कानाच्या नसेत असतो; ती दोन्ही बाजूंना खिळून राहिली तर मेंदूत काही झाले आहे का, ते शोधावे लागते. अर्थात एवढ्या एकाच खुणेवर ते विसंबून राहिले नाहीत. डोळ्यांच्या इतर हालचाली पाहिल्या, बोलणे पाहिले, हातापायांतली शक्ती तपासली. ऐकू नीट येत होते, म्हणजे सूज तोलाच्या नसेपुरती होती.

आक्का मात्र दर फोनला तेच विचारते, की तिची चक्कर एका बैठकीत गेली, मग सुहासचीच का रेंगाळते आहे? तिला मी किती वेळा सांगावे? तिच्या कानातले चुन्याचे सूक्ष्म खडे जागा सोडून नलिकेत घसरले होते, म्हणून कूस बदलली की खोली मिनिटभराच्या आत फिरून थांबत असे, आणि डॉक्टरांनी डोके ठरावीक क्रमाने वळवून ते खडे जागच्या जागी नेले. तुझे तसे नाही. तुझी एक नस दुखावली आहे. जोडीतला एक बैल बसला की गाडी एका बाजूला ओढली जाते, तसे दोन कानांतून मेंदूला जाणारे संदेश एकमेकांशी जुळेनासे झाले आणि तू स्थिर पडून असतानाही मेंदूला वाटले की तू फिरतो आहेस. नस पूर्ण बरी होवो वा न होवो, मेंदू या नव्या हिशेबाची सवय करून घेतो. फक्त त्याला ती सवय बिछान्यावर पडून होत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेव. अशा आजारानंतर आक्कासारखे खडे सुटण्याचा प्रकारही काहींना होतो. कूस बदलताना क्षणभर गरगरले तर जुने दुखणे उलटले असे समजून खचून जाऊ नकोस, तपासून घे.

मला खरी भीती वाटते ती तुझ्या मान आखडून चालण्याची. जाण्याआधीच्या आठवड्यात कोणी हाक मारल्यावर तू केवळ मान न वळवता अख्खा वळत होतास, हे मी पाहिले आहे. असे केल्याने त्या वेळी बरे वाटते, हे मला मान्य आहे, पण डोके हललेच नाही तर मेंदूला आपली चूक कळायची कशी? अंगठा हाताच्या अंतरावर धरून, नजर त्याच्यावरच ठेवून मान डावीकडे-उजवीकडे हलवण्याचा तो व्यायाम तुला कंटाळवाणा वाटतो. तो करताना थोडे गरगरते, आणि गरगरले म्हणून तू तो अर्ध्यावर सोडतोस. बाईंनी स्पष्ट सांगितले होते की थोडे गरगरलेच पाहिजे आणि थांबल्यावर ते काही वेळात ओसरले पाहिजे. अजिबात गरगरले नाही तर व्यायाम सोपा झाला आहे, आणि बराच वेळ ओसरले नाही तर तो जास्त झाला आहे. तू इतिहास शिकवतोस म्हणून सांगते, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या दोघा डॉक्टरांनी डोक्याला इजा झालेल्या आणि तोल गेलेल्या रुग्णांना अंथरुणात न ठेवता नजर, मान आणि चेंडू यांचे व्यायाम गटाने करायला लावले होते. तुझा अंगठ्याचा व्यायाम त्यांच्याच वंशातला आहे.

आणि तुला तर व्यायामासाठी वेगळी जागाही शोधायला नको. फळ्यावर लिहायचे, वळून वर्गाकडे पाहायचे, पुन्हा फळ्याकडे वळायचे, हेच तर तुझे काम आहे. पहिले काही दिवस प्रत्येक वळणाला अक्षरे हलतील. ती हलू देत. टेबलाला एक हात टेकव, पण वळणे टाळू नकोस. गोळ्यांची ती पट्टी मात्र खिशात बाळगू नकोस. उलट्या आणि गरगर दाबणाऱ्या त्या गोळ्या पहिल्या काही दिवसांपुरत्या असतात; त्या पुढे चालू ठेवल्या तर मेंदूची ही सवय लागणेच लांबते, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितले आहे. मला ठाऊक आहे की ती पट्टी तू केवळ धीर म्हणून जवळ ठेवतोस.

हे सारे व्याख्यान झाले, याची मला जाणीव आहे. क्षमा कर. तुला वर्गात बोलायची सवय आणि मला तुला ऐकवायची.

पण या भीतीला कारण आहे. काहींची नस सावरते, तपासण्या ठीक येतात आणि तरीही तरंगल्यासारखे, डोलल्यासारखे वाटणे बहुतेक दिवस, तीन महिने आणि त्याहून अधिक काळ टिकते. उभे राहिल्यावर, चालताना, गर्दीत किंवा भराभर सरकणाऱ्या पडद्याकडे पाहताना ते वाढते. डॉक्टर याला वेगळा आजार मानतात आणि 2017 मध्ये त्याचे निकष ठरवले गेले आहेत. तो मनाचा खेळ नाही आणि त्यावर उपचार आहेत. पण सदैव आपल्या तोलावर पहारा ठेवणे आणि पावलापावलाला आधार शोधणे यांनी तो पोसला जातो. मग माझ्यासारखी आई, जी दर फोनला ‘आज कसे वाटते, गरगरले का’ असे विचारते, ती त्या पहाऱ्यात भरच घालते ना? म्हणून यापुढे मी ते आठवड्यातून एकदाच विचारणार आहे. कडीचे वेगळे आहे. ते पहाऱ्यात मोडत नाही, कडी न लावणे ही एकदाच अंगवळणी पाडायची सवय आहे.

सातवीत असताना गच्चीच्या कठड्यावरून दोन्ही हात पसरून तू चालत गेला होतास, हे तुला आठवत असेल, पण मी जिन्याच्या दाराशी उभी होते हे तुला ठाऊक नाही. हाक मारली असती तर दचकला असतास, म्हणून मी हाक मारली नाही. तू टोकाला जाऊन उडी मारून खाली उतरलास आणि नंतर मी तुला जी शिक्षा केली तिचे कारण मी कधी नीट सांगितले नाही. रागावले होते हे खरेच. पण तुझे पाऊल किती नेमके पडत होते, हेही मी पाहत होते. ते पाऊल अजून तुझ्या अंगात आहे, असे मला वाटते, आणि परवा जिना उतरताना कठडा न धरता शेवटच्या दोन पायऱ्या तू उतरलास तेव्हा मी पाहिले नाही असे दाखवले.

शाळेतल्या एका तरी सहकाऱ्याला एवढे सांगून ठेव: नुसते गरगरले तर बसवायचे आणि थांबायचे, पण बोलणे अडखळले, एकाचे दोन दिसू लागले, तोंड वाकडे झाले, हात किंवा पाय लुळा पडला, कधी नव्हे असे डोके ठणकले किंवा आधार देऊनही उभे राहता आले नाही, तर ‘त्याला नेहमीच चक्कर येते’ असे म्हणून न थांबता लगेच रुग्णालयात न्यायचे. जुन्या चक्करेच्या आड नवे दुखणे लपू नये, एवढाच हेतू.

पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा तीन गोष्टी विचारून ये. तो अंगठ्याचा व्यायाम चालता चालता करण्याची पायरी केव्हा घ्यायची. अंधारात दुचाकी चालवण्यास केव्हा हरकत नाही. आणि पोहण्याचे काय. गढूळ पाण्यात डोळे उपयोगाचे नसतात आणि पायाखाली जमीन नसते, त्यामुळे वर कोणते आणि खाली कोणते हे सांगायला कानच उरतो. तेव्हा डॉक्टरांनी होकार देईपर्यंत पाण्यात उतरू नकोस, आणि दिल्यावरही एकट्याने नको. उत्तरे सविस्तर लिहून कळव. ‘बरा आहे’ एवढ्याने माझे भागत नाही.

तुझी,
आई