तुझ्या रस्त्यावरचा मोल्सवर्थ

वाई,
१४ जुलै

प्रिय अवि,

तुझा फोटो मिळाला. वेलिंग्टनच्या पावसात भिजलेली 'मोल्सवर्थ स्ट्रीट'ची पाटी, कोपऱ्यात उलटी झालेली तुझी छत्री आणि सोबत एकच ओळ, 'अरे, हा आपला मोल्सवर्थ का?' फोनवरच 'नाही' म्हणून मोकळा होणार होतो. पण मग कपाटावरचा तो ठोकळा, म्हणजे आपल्या मोल्सवर्थाचा मराठी-इंग्रजी शब्दकोश, खाली काढला, आणि दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. म्हणून हे पत्र.

तो आपला नव्हे. तुझ्या रस्त्याचा मोल्सवर्थ म्हणजे सर विल्यम. कॉर्नवॉलमधल्या पेनकॅरोचा जमीनदार, न्यूझीलंड वसवणाऱ्या कंपनीचा एक संचालक, पार्लमेंटात जहाल गटातला. कैद्यांना जहाजात भरून ऑस्ट्रेलियात धाडायची जी पद्धत होती, तिची चौकशी करणाऱ्या समितीचा हा अध्यक्ष. १८३८ च्या अहवालात त्या पद्धतीची चांगलीच सालं काढली आहेत. १८५५ च्या जुलैत वसाहतमंत्री झाला आणि ऑक्टोबरात वारला. मधल्या काळात हॉब्ज या तत्त्वज्ञाचं समग्र लेखन संपादून छापलं, इंग्रजीचेच अकरा खंड! खटपट्या माणूस.

पण मला तो आवडतो एका झाडामुळे. चिलीहून आणलेलं, खवल्याखवल्यांच्या टोकदार पानांचं एक झाड त्याने बागेत लावलं होतं. ते पाहून एक पाहुणा म्हणाला म्हणे, यावर चढायचं तर माकडालाही कोडं पडेल. तेव्हापासून इंग्रजीत त्या झाडाचं नाव 'मंकी पझल'. म्हणजे त्या मोल्सवर्थाच्या अंगणात एक शब्द जन्माला आला, आणि आपल्याने इथे हजारोंनी गोळा केले.

आपला तो जेम्स थॉमस. मुंबईच्या फौजेतला कॅप्टन. जॉर्ज आणि टॉमस हे कँडी बंधू आणि शास्त्रीमंडळी हाताशी घेऊन त्याने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला, आणि १८५७ साली वाढवलेली दुसरी आवृत्ती. साठ हजारांच्या घरात शब्द. साल बघ! उत्तरेत उठावाचा भडका, आणि इकडे मुंबईच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात 'खळखळ' आणि 'खळबळ' यांतला फरक इंग्रजीत जुळवला जातोय. याला निष्ठा म्हणावं की वेड, मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझी प्रत १९७५ च्या पुनर्मुद्रणाची, अप्पा बळवंत चौकातली. आठवतं ना, तू घासाघीस करत होतास आणि मी मागून तुझा शर्ट ओढत होतो? तिची पाठ सुटली म्हणून गेल्या वर्षी बांधायला दिली. त्या गृहस्थाने कडा सरळ करण्याच्या नादात पानं इतकी आत कापली, की बाहेरच्या रकान्यातल्या इंग्रजी ओळींची शेपटं गेली. 'मोल' शब्दापाशी बोट ठेवलं, तर अर्थातलं शेवटचं अक्षर तुटलेलं. विचारलं तर म्हणाला, 'वाचता येतंय की.' येतंय खरं.

त्या 'मोल'पाशीच मी अडकलो. आपल्याकडे मोल म्हणजे किंमत. आणि इंग्रजीत 'वर्थ' म्हणजेही किंमतच. शब्दकोश करणाऱ्याच्या आडनावात एकच अर्थ दोन भाषांत जोडून बसलेला! मला वाटलं, काय शोध लावला. मग नावाचं मूळ पाहिलं आणि शोधाचा फुगा फुटला. केंब्रिजशायरमध्ये मोल्सवर्थ नावाचं गाव आहे, त्यावरून हे आडनाव. जुन्या इंग्रजीत 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, आणि पुढचा 'मूल' हा कुणी माणूस. म्हणजे मूलची वाडी. तेव्हा आपल्या हिशेबाने हा कॅप्टन मुळवाडीकर! किमतीबिमतीचा काही संबंध नाही. तरी पहिला अर्थ माझ्या डोक्यातून जाईना. तुला आठवेल, नववीत सरांनी रसायनातला 'मोल' फळ्यावर लिहिला, तेव्हाही तू मागच्या बाकावरून 'कितीला?' म्हणून विचारलं होतंस.

या मुळवाडीची पुढची कथा मात्र गमतीची नाही. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या धावपट्टीवरून अमेरिकन बाँबफेकी विमानं उडाली. ऐंशीच्या दशकात तिथे क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरलं, तेव्हा लोकांनी तळाच्या दारात तंबू ठोकले. १९८५ च्या फेब्रुवारीत रात्रीतून शेकडो सैनिक आणि पोलीस आले, त्यांना हुसकलं आणि कुंपण घातलं. 'वर्थ' शब्दाचा अर्थ असा पुन्हा खरा व्हायला नको होता.

आणि आणखी एक मोल्सवर्थ आहे, नायजेल नावाचा. खोटा, गोष्टीतला. जेफ्री विलन्सने लिहिलेला आणि रोनाल्ड सर्लने चितारलेला, १९५३ च्या 'डाउन विथ स्कूल'मधला बोर्डिंगातला पोरगा. तो स्वतःच गोष्ट सांगतो आणि शुद्धलेखनाच्या पार चिंधड्या करतो. इंग्लंडात आज मोल्सवर्थ म्हटलं की पुष्कळांना हाच आठवतो. आपल्याकडे या आडनावापुढे मान तुकते आणि तिकडे हसू फुटतं. मला तर दोघं एकाच घरातले वाटतात. थोरला शब्द नीट लावून ठेवतो, धाकटा येऊन सगळं उपसून टाकतो.

डब्लिनच्या मोल्सवर्थ स्ट्रीटचं पुन्हा कधीतरी. तुला जवळचं काम सांगतो. तुमच्याच देशात दक्षिण बेटावर मोल्सवर्थ स्टेशन आहे. स्टेशन म्हणजे रेल्वेचं नव्हे, गुरांचं. एक लाख ऐंशी हजार हेक्टर, देशातलं सगळ्यात मोठं शेत. मेंढ्या आणि सशांनी डोंगर खरवडून बोडके केले, शेवटी १९३८ साली सरकारने ते ताब्यात घेतलं आणि हळूहळू गवत परत आणलं. आतला रस्ता उन्हाळ्यात उघडतो, म्हणजे तुमच्या डिसेंबरकडे. फेरीबोटीने पिक्टनला उतर आणि जाऊन ये. तिथल्या पाटीचाही फोटो हवा, या वेळी सरळ धरून काढलेला.

काल तुझ्या आईकडे गेलो होतो. काकूंना फोटो दाखवला, नाव वाचून सांगितलं. त्या म्हणाल्या, 'कोण मोरेश्वर? आपल्यातला का?' मी म्हटलं, हो, तसाच म्हणा. मग त्यांनी फोटो परत जवळ घेतला, चष्मा वर केला आणि विचारलं, 'ही छत्री मीच दिलेली ना? काडी मोडलीय बघ. त्याला म्हणावं, नवी घे.'

निरोप पोचवला.

तुझा,
बंड्या