दुखणे हँडलचे, दोष फोर्कला

प्रति,
संपादक,

महोदय,
मावळ, मुळशी आणि भोरकडच्या कच्च्या रस्त्यांवर सायकल चालवणाऱ्या पुणेकरांत पुढे सस्पेन्शन नसलेली, म्हणजे रिजिड फोर्कची (फोर्क म्हणजे पुढचे चाक धरणारा चिमटा) माउंटन बाइक घेणारे आता बरेच दिसू लागले आहेत. यातले अनेक जण थोड्याच दिवसांत तळहात बधिर होतात, मान आखडते अशी तक्रार घेऊन दुकानात जातात, आणि तिथे बहुतेकांना ‘सस्पेन्शनवाली घ्या’ हे एकच ठरलेले उत्तर मिळते. हा प्रकार आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असा आहे. दुखणे बहुतेक वेळा हँडलचा आकार, त्याची उंची, सीटचा कल आणि टायरमधली हवा यांतून आलेले असते, आणि या चारही गोष्टी नवी सायकल न घेता सुधारता येतात.

कमी किमतीच्या सायकलींना बसवला जाणारा स्प्रिंगचा फोर्क अडीच किलोच्या आसपास भरतो. आपल्याकडच्या पावसात आणि चिखलात त्याच्या नळ्या गंजू लागतात, आतले बुश झिजतात आणि दुरुस्तीसाठी सुटे भाग सहसा मिळत नाहीत. त्यानंतर तो फोर्क नुसते वजन म्हणून उरतो. साधा पोलादी रिजिड फोर्क त्याच्या निम्म्या वजनाचा असतो आणि त्यात बिघडण्यासारखे काहीच नसते. शिवाय माउंटन बाइकचा जन्म सस्पेन्शनविनाच झाला आहे. कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत १९७६ साली ‘रिपॅक’ नावाच्या डोंगरउतारावरच्या शर्यती सुरू झाल्या त्या जाड टायरच्या जुन्या सायकलींवर, आणि १९७७ मध्ये तिथलेच सायकल बनवणारे जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी बांधलेली सायकलही रिजिडच होती. त्या काळातील हँडले रुंद आणि उंच असत. शर्यतींच्या प्रभावाखाली ती पुढे अरुंद, सरळ आणि खाली गेली, आणि ज्यांना शर्यतीशी काही देणेघेणे नाही त्यांच्याही माथी तीच मारली गेली.

हँडल बदलण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. सीटचे टोक खाली झुकलेले असेल, तर शरीर सतत पुढे घसरते आणि ते तोलण्याचा भार तळहातांवर येतो. अशा वेळी कितीही महाग हँडल लावले तरी फरक पडत नाही. दुसरी गोष्ट हवेची. या सायकलींच्या ट्यूबला पुष्कळदा गाडीसारखा व्हॉल्व्ह असल्याने लोक पेट्रोल पंपावर हवा भरून घेतात, आणि टायरच्या कडेवर छापलेला कमाल आकडा हाच योग्य आकडा मानतात. साधारण सत्तर-पंचाहत्तर किलो वजनाच्या माणसाला सव्वादोन इंची टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय हवा पुरते, पुढच्या चाकात त्याहून थोडी कमीच. फार कमी केली, तर दगडावर रिम आपटून ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात, म्हणून मीटर असलेला पंप घरी ठेवावा. रिजिड सायकलीवर टायर हेच सस्पेन्शन असते, त्यामुळे फोर्कमध्ये मावेल तितका रुंद टायर घेण्यात शहाणपण आहे.

आता मूळ मुद्दा हँडलचा. खुर्चीत ताठ बसून दोन्ही मुठींत एकेक पेन्सिल सैल धरावी आणि हात हँडल पकडल्यासारखे पुढे न्यावेत. पेन्सिली एका सरळ रेषेत राहत नाहीत. त्यांची बाहेरची टोके आपल्याकडे झुकतात. मनगटाला नैसर्गिक वाटणारा कोन तो हाच. बाजारातील बहुतेक माउंटन बाइकच्या हँडलांना मागे जेमतेम ५ ते ९ अंश वळण असते, त्यामुळे मनगट मुरडले जाते आणि भार तळव्याच्या करंगळीकडच्या कडेवर पडतो. तिथून जाणारा अल्नर मज्जातंतू दाबला गेला की करंगळी आणि अनामिका बधिर होतात. १६ अंशांपासून ४५ अंशांपर्यंत वळण असलेली हँडले मिळतात. अमेरिकेतील जेफ जोन्स यांचे ४५ अंशांचे हँडल तर लांब पल्ल्याच्या रिजिड सायकलस्वारांत प्रसिद्धच आहे. आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलचे मागे वळलेले हँडल आठवले, तर ही कल्पना परकी वाटणार नाही.

हँडल बदलताना मात्र मेकॅनिकने आणि ग्राहकाने मापे जुळवूनच घ्यावीत. हँडल स्टेममध्ये, म्हणजे त्याला सायकलशी जोडणाऱ्या आडव्या तुकड्यात, जिथे बसते तिथला व्यास जुन्या आणि स्वस्त सायकलींत २५.४ मिलिमीटर, तर अलीकडच्या बहुतेकांत ३१.८ मिलिमीटर असतो. ग्रिपच्या जागी तो २२.२ मिलिमीटर असल्याने जुने ब्रेक लिव्हर आणि गिअर शिफ्टर नव्या हँडलवर सहसा जसेच्या तसे चढतात. मागे वळलेल्या हँडलमुळे हात शरीराच्या जवळ येतात, म्हणून कधी कधी स्टेम दोन-तीन सेंटिमीटर लांब घ्यावा लागतो. नाही तर चढावर पुढचे चाक हलके पडते आणि तीव्र वळणावर गुडघा हँडलला लागतो. हँडल उंच केल्यावर ते दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. केबल ताणली जात असेल, तर ऐन वळणावर ब्रेक आपोआप लागू शकतो. तेव्हा नवी, लांब केबल घालण्यात कंजुषी करू नये. रुंदीबाबत घाई नको. ७८० मिलिमीटरचे हँडल उतारावर उत्तम, पण लक्ष्मी रस्त्यावर दोन रिक्षांच्या मधून ते निघत नाही. आधी ग्रिप आणि लिव्हर आत सरकवून काही दिवस चालवून पाहावे आणि मगच हँडलची नळी कापावी.

ग्रिपविषयी एवढेच, की स्पंजच्या ग्रिप पावसात पाणी धरतात. तळव्याला आधार देणारी रुंद कडेची, स्क्रूने आवळता येणारी रबरी ग्रिप अधिक टिकते, मात्र तिची कड वर उचललेली राहिली तर मनगट उलट दुमडते.

माझी सायकल विक्रेत्यांना विनंती आहे, की वेगवेगळ्या वळणांची दोन-तीन हँडले दुकानातल्या एखाद्या सायकलीवर आलटून पालटून लावून ग्राहकाला चालवून पाहू द्यावी. उत्पादकांनी माहितीपत्रकात गिअरच्या संख्येइतक्याच ठळकपणे हँडलची रुंदी, उंची आणि वळणाचे अंश छापावेत, आणि स्टेम ज्या नळीवर बसतो ती कारखान्यातच आखूड कापू नये. एकदा कापलेली नळी वाढवता येत नाही आणि हँडल वर घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग तिथेच बंद होतो. आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पानावर मोटारींच्या जोडीने या विषयालाही अधूनमधून जागा मिळावी, ही विनंती.

आपला,
एक सायकलस्वार वाचक, पुणे