आचार्यांचा आचारी होऊ न देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

स.न.वि.वि.

उत्सवातलं नाटक झालं, छान झालं. तुमचे आभार फोनवर मानून भागलं असतं, पण ‘सुटलं की कशानं सुटलं तेही कळवा, पुढच्याला लागतं,’ असं तुम्हीच सांगितलं होतंत. म्हणून हे अनावृत पत्र.

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात देवळाच्या उत्सवाला मराठी नाटक हवंच. यंदाची संहिता तिघांनी वाटून टाइप केली. छापून पाहिली तर कुठे ‘दुसऱ्या’ नीट, कुठे ‘दुसर्या’, डोक्यावर रफार घेऊन. तालमी तोंडावर. पणजीला मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या बैठकीत तुमची ओळख झाली होती, तेवढ्यावर तुम्हाला म्हापशाला फोन लावला. आम्ही ज्यात टाइप केलं त्या लिबरऑफिस या फुकटच्या प्रोग्रामला मराठी येत नाही, ही माझी तक्रार तुम्ही शांतपणे ऐकलीत आणि उत्तर दिलंच नाहीत. उलट मलाच विचारलंत: आवृत्ती कोणती? काय दिसायला हवं होतं, दिसतंय काय? नव्या कोऱ्या फाइलमध्येही तसंच होतं का?

स्क्रीनचा फोटो पाठवू का म्हटलं, तर म्हणालात, “फोटोत अक्षराचं चित्र येतं, अक्षर येत नाही. फाइल पाठवा. अख्खी संहिता नको, दोन शब्द पुरे.” वैताग आला होता, खोटं कशाला बोलू! तरी कापत कापत एका ओळीवर आणली. पहिल्या पानावर नटांचे फोन नंबर होते, तेही त्यात आपोआप गळाले. उरलेल्या ओळीत एक शब्द बरोबर, एक चुकलेला, आणि फाँट दोन्हींना तोच. म्हणजे दोष फाँटचा नव्हे, हे फाइल पाठवण्याआधीच माझं मला दिसलं.

पुढचं तुम्ही सांगितलेल्या ऑल्ट-एक्सनं दाखवलं; अक्षरामागे या दोन कळा एकत्र दाबल्या की त्या अक्षराचा संगणकातला क्रमांक, म्हणजे संकेतांक, दिसतो. बरोबर शब्दात नुक्ता असलेला ऱ, संकेतांक ०९३१. चुकलेल्यात साधा र, ०९३०. तिघांपैकी एकाचा कीबोर्ड वेगळा, त्यानं सगळीकडे साधा र घातला होता. लिबरऑफिस बिचारं निर्दोष.

मी लगेच ‘र्या’ शोधून सरसकट ‘ऱ्या’ घालायला निघालो. तुम्ही थांबवलंत. कार्यालयाचं ‘काऱ्यालय’ झालं असतं ते एक वेळ चाललं असतं; पण दुसऱ्या अंकात शिष्य आचार्यांना वंदन करतो, तो ‘आचाऱ्यांना’, म्हणजे थेट स्वयंपाकघरात गेला असता! मग एकेक जागा बघूनच बदलली.

फुकटच्या सॉफ्टवेअरला वाली नसतो, असं आमच्याकडे सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. पैसे मोजून दुरुस्तीला दिलं, तिथे इतक्या बारकाईनं मला कोणी काही विचारलेलं नाही. तुम्ही नोकरी सांभाळून, रात्री जेवणं आटोपल्यावर हे केलंत. मनापासून आभार.

आता नवा प्रश्न. संगणकावर लिनक्स मिंट २१ ही प्रणाली, लिबरऑफिस ७.३. संहिता पुस्तिका म्हणून दोन्ही बाजूंनी छापतो. मागची बाजू सरळ यायला हवी, ती उलटी येते. चार पानांच्या कोऱ्या फाइलमध्येही तेच. एका बाजूनं छापलं तर ठीक. फाइल वेगळी पाठवतोय. घाई नाही, पुढचा उत्सव लांब आहे.

आपला,
संहिता टाइप करणाऱ्या तिघांतला एक