कोशातलं हिरवं फळ

मेक्सिको सिटी,
२० ऑगस्ट

प्रिय विनू,

साल्सा व्हेर्देसाठी, म्हणजे इथल्या हिरव्या चटणीसाठी, तू मंडईतून कच्चे टोमॅटो आणलेस आणि चटणी तुरट झाली, हे वाचून फार चुटपुट लागली. चूक माझी. मी नुसतं ‘हिरवा टोमॅटो’ लिहून मोकळा झालो होतो.

अरे, ते कच्चा टोमॅटो नव्हेच. ते तोमातियो. आपली रसभरी, बांधावरची चिरबोटी यांच्याच जातकुळीतलं, तसंच कागदी कोशात बसलेलं. या कुळातल्या फळाचे कोशासकट जीवाश्म दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाला, पातागोनियात सापडलेत, ५.२ कोटी वर्षांपूर्वीचे! इथे मात्र तोमातियोला ‘तोमाते व्हेर्दे’ म्हणतात, आणि आपल्या लाल टोमॅटोला ‘हितोमाते’. इथल्या मूळच्या नाहुआत्ल भाषेतला ‘तोमात्ल’ हा शब्द स्पॅनिश लोकांबरोबर जगभर गेला आणि लाल फळालाच चिकटला. मला अजून हळहळ वाटते.

कोश सोलला की बोटांना चिकट राळ लागते. कोमट पाण्यात फळं चोळून धुवायची, नाहीतर चटणीला कडवटपणा येतो. मग मिरच्यांबरोबर उकडायची. पोपटी रंग उतरून मेहंदीसारखा झाला की लगेच गॅस बंद. फुटू द्यायची नाहीत. किंवा कोमालवर, म्हणजे इथल्या तव्यावर, काळे डाग पडेपर्यंत भाजायची. मला भाजलेलीच आवडतात. मोल्काहेतेत, म्हणजे इथल्या दगडी खलात, आधी लसूण, मीठ, मिरची ठेचायची, फळं मागाहून; शेवटी कांदा-कोथिंबीर. त्या ठेचण्याच्या आवाजाने मला आईचा खलबत्ता आठवतो. उरलेली चटणी गार झाली की जेलीसारखी थिजते, तेव्हा चमचाभर पाणी घालायचं.

गेल्या वर्षी गॅलरीत एक रोप लावलं होतं. महिनाभर पिवळी फुलं आली, आत तपकिरी ठिपके, मधमाश्याही यायच्या. पण सगळी फुलं गळून गेली. शेजारच्या आजी म्हणाल्या, “एकटं कसं धरेल? जोडीला दुसरं लाव.” खरंच, याला स्वतःचा पराग चालत नाही. यंदा दोन रोपं आहेत. फुलामागचा कोश कंदिलासारखा फुगतो आणि आतलं फळ वाढत वाढत एक दिवस तो फाडतं. आज सकाळी पहिला फाटलेला दिसला, म्हणून लगेच लिहायला बसलो.

डिसेंबरात येशील तेव्हा दोघं मिळून करू. तोवर उरलेल्या कच्च्या टोमॅटोंत दाण्याचं कूट आणि गूळ घाल. त्यांची खरी चटणी ती.

तुझा,
अभय