दात पाहून घेतलेला कॉम्प्युटर

भाऊ,

सप्रेम नमस्कार.

माझं नाव कुठं लिहू नका, असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून नुसतं 'भाऊ' लिहिते. आमच्या ग्रामपंचायतीत दाखल्यासाठी नाहीतर पीकविम्याच्या अर्जासाठी जो जो खिडकीशी उभा राहिला आहे, त्याला हे पत्र कुणाला आहे ते कळेलच. तोंडानं आभार मानले की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे लिहून ठेवते आहे, चारचौघांत.

गेल्या जानेवारीत कापसाचा चुकारा हाती आला आणि यंदा पोरीला कॉम्प्युटर घ्यायचाच असं घरात ठरलं. ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, शिवाय राज्य परीक्षा परिषदेच्या टायपिंग परीक्षेची तयारी. मोबाइलवर अंगठ्यानं कितीही भरभर लिहिलं तरी मिनिटाला ३० शब्द दहा बोटांनीच येतात, आणि हिंगणघाटच्या क्लासमध्ये मशीन मिळायचं दिवसाला एक तास, तेही लाईन असली तर. तालुक्याच्या एका दुकानात आम्ही नवा सेट पाहून आलो होतो. इंटेल कंपनीचा 'आय-फाइव्ह' प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, स्क्रीन, कीबोर्ड, माउस, सगळं मिळून १६,५०० रुपये. कॅबिनेट चकचकीत, समोर निळे दिवे. यांनी २,००० रुपये इसार देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी मी रहिवासी दाखल्यासाठी आले तेव्हा दुकानाची ती चिठ्ठी माझ्या पिशवीतून तुमच्या टेबलावर पडली. तुम्ही ती वाचली आणि किमतीबद्दल एक शब्द काढला नाही. विचारलं, "काकू, आय-फाइव्ह तं ठीक, पण त्याच्या पुढचा नंबर कोणता? अन् घरी त्याच्यावर काय काय करसान?" दोन्हीची उत्तरं माझ्याकडे नव्हती. मग समोरची रांग संपेपर्यंत मला बसवलंत आणि जे सांगितलंत ते मी जन्मात विसरणार नाही. बैल गवळाऊ आहे म्हटलं की जात कळते, वय कळत नाही. वयासाठी दात पाहावे लागतात. 'आय-फाइव्ह' ही नुसती जात. पुढच्या नंबरातला पहिला आकडा म्हणजे दात. २४०० असेल तर दुसरी पिढी, ८५०० असेल तर आठवी. पाच आकडी नंबर असेल तर पहिले दोन आकडे पाहायचे, १२४०० म्हणजे बारावी. पोळ्याला घरचे बैल सजवणाऱ्या बाईला हे एका वाक्यात समजलं, भाऊ. त्याआधी दुकानात अर्धा तास बसून काही समजलं नव्हतं.

रविवारी तुम्ही स्वतःच्या गाडीत स्वतःचं पेट्रोल टाकून आमच्यासोबत दुकानात आलात. तिथं आवाज चढवला नाही, दुकानदाराला खोटं पाडलं नाही. पोरीला म्हणालात, "कंट्रोल, शिफ्ट अन् एस्केप, तिन्ही एका वख्ती दाब." टास्क मॅनेजर उघडला. परफॉर्मन्सच्या पानावर उजव्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं: आय-५ २४००. म्हणजे २०११ सालचा माल, नव्या डब्यात घातलेला. त्याच पानावर डिस्कपुढे एचडीडी, म्हणजे फिरत्या तबकडीची जुनी डिस्क, हेही तिनंच वाचून दाखवलं. मग तुम्ही शांतपणे एवढंच म्हणालात की पक्कं जीएसटी बिल द्या आणि त्यावर प्रोसेसरचा पूर्ण नंबर लिहा. बिलावर नंबर आला नाही. इसार मात्र परत आला, सगळेच्या सगळे २,०००.

मला वाटलं होतं, आता तुम्ही कोरं नवं मशीन घ्यायला सांगाल. तुम्ही वहीच्या पाठकोऱ्या पानावर दोन्ही हिशोब मांडले. बाराव्या पिढीचा आय-थ्री, नवा बोर्ड, नवी स्क्रीन, लाईन गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर चालवणारा यूपीएस धरून खर्च आमच्या ३०,००० च्या बाहेर जात होता. दुसरा रस्ता नागपूरचा: मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेली मशीनं. "जुनं घ्या, पण जुनं म्हणून घ्या," हे तुमचे शब्द. यांना ते पटायला दोन दिवस लागले. नव्याचे पैसे देऊन २०११ चं आणायला निघालेलो आम्ही, आणि आता उघडउघड वापरलेलं घ्यायला मन कचरत होतं. शेवटी १५,५०० ला आय-५ ८५०० चं मशीन घेतलं. २०१८ चा प्रोसेसर, सहा कोर, ८ जीबी रॅमची एकच पट्टी म्हणजे पुढे दुसरी घालायला जागा मोकळी, आणि २५६ जीबीची कोरी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली, भरभर चालणारी डिस्क. बिलावर 'वापरलेला' असं स्पष्ट लिहिलेलं, सिरीयल नंबर आणि सहा महिन्यांची वॉरंटी. आठवी पिढी का, याचं कारण तेव्हाच सांगितलं होतं: विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच रीतसर चालते आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला कंपनीकडून नेहमी मिळणारे अपडेट बंद होणार. ती तारीख आली आणि गेली. आमच्या मशीनवर ११ चालू आहे. त्या दिवशी संध्याकाळी मला तुमची आठवण आली, आणि पत्राला तिथूनच सुरुवात झाली.

पण खरे आभार मला त्यानंतरच्या कामाचे मानायचे आहेत. मशीन निवडून देणारे पुष्कळ भेटतील. ते आमच्या घरात टिकलं पाहिजे, ही काळजी दुसऱ्या कुणी केली नसती.

मशीन घरी लावलं आणि पोरीनं कॅबिनेटला हात लावताच बोटांना झिणझिण्या आल्या. मी घाबरले, यांना वाटलं जुनं मशीनच खराब. तुम्ही आलात, आधी भिंतीवरचा बोर्ड उघडायला लावला. तीन छिद्रांतल्या वरच्या मोठ्या छिद्रामागे आर्थिंगची तारच नव्हती. घर बांधलं तेव्हापासून नव्हती. पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळायला जे छोटे कपॅसिटर असतात, ते गळतीचा किंचित करंट कॅबिनेटच्या पत्र्यावर सोडतात. आर्थिंग असलं की तो जमिनीत जातो, नसलं की हात लावणाऱ्याच्या बोटांत येतो. वायरमन म्हणाला, न्यूट्रलवरून, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेवरून, एक तार जोडून देतो, पाच मिनिटांचं काम. तुम्ही साफ नाही म्हणालात: कधी न्यूट्रल तुटला तर पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटवर येतील. मग अंगणात न्हाणीच्या पाण्याजवळ खड्डा खणला, पाइप उभा केला, कोळसा आणि मीठ थरावर थर भरलं. फेज आणि आर्थिंगच्या मध्ये बल्ब लावून पाहिला, तो भरउजेडानं पेटला तेव्हाच तुम्ही चहाला हात लावलात. त्या कामाला १,७०० रुपये लागले. आमच्या कूलरलाही आता करंट मारत नाही. उन्हाळ्यात ओल्या हातानं कूलरमध्ये पाणी भरणारी मीच असते, भाऊ. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही.

यूपीएसचंही तसंच. ६०० व्हीएचा साधा यूपीएस, २,९०० चा. मी विचारलं होतं, यावर किती वेळ काम करता येईल? "काम कराले नाई काकू, सेव्ह करून बंद कराले." आमची डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, या पावसाळ्यात दोनदा जळाली, रात्री-बेरात्री लाईन डीम होते ती वेगळी. प्रत्येक वेळी यूपीएस टुकटुक वाजला आणि पोरगी उठून नीट बंद करून आली.

कॅबिनेट कुठं ठेवायचं, ते ठरवायला तुम्ही सगळ्या खोल्या फिरलात. कूलरच्या झोतासमोर नको, दमट वाऱ्यात धूळ चिकटून तिचा लेप होतो. भाव वाढेपर्यंत आम्ही कापूस भरून ठेवतो त्या खोलीत तर नकोच, कारण उडणारी रुई पंख्यात जाऊन बसते आणि हवा अडते. मग देवघराच्या भिंतीला, दोन विटांवर पाट ठेवून त्यावर कॅबिनेट बसवलं. मागची एक उघडी फट पत्र्यानं बंद केलीत, पाल आत शिरून पॉवर सप्लाय जाळते म्हणून. महिन्यातून एकदा मी रंगाच्या कोऱ्या ब्रशनं जाळी झाडते. बटण बंद करून, वायर काढून आणि पंख्याचं पातं बोटानं धरून, तुम्ही दाखवलं तसंच. भर उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चढला, तेव्हाही मशीन एकदाही बंद पडलं नाही.

पोरगी आता रोज पहाटे दीड तास बसते. मी बसते दुपारी, धुणंभांडी झाल्यावर. तुम्ही विंडोजमध्ये मराठी भाषा जोडून इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू करून दिला होता ना, तो तिच्यापेक्षा मीच जास्त वापरते. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, जोडाक्षराला डावीकडचा डी दाबून पाय मोडायचा. हे पत्र मी स्वतः त्यावर लिहिलं आहे. तीन दुपारी लागल्या.

बाकीचं सामान धरून एकूण २७,८०० रुपये खर्च झाले. तुम्ही पेट्रोलचे पैसेही घेतले नाहीत. आमच्या पहिल्या वेच्याचा कापूस आता घरात आला आहे, तो तेवढा नाही म्हणू नका. तुमच्या आईला वाती वळायला पाठवते आहे, सरकी काढून, हातानं साफ केलेला.

आणि एक सांगायचं राहिलं. मागच्या सोमवारी शेजारच्या वहिनींना त्यांच्या मुलासाठी मशीन घ्यायचं होतं. तुम्ही मतदारयादीच्या कामात होता, म्हणून मीच गेले त्यांच्यासोबत. दुकानात कंट्रोल, शिफ्ट, एस्केप मी दाबलं. दहावी पिढी निघाली, डिस्क एसएसडी. त्यांच्या बिलावर पूर्ण नंबर लिहून घेतला आहे.

तुमची,
देवळामागच्या घरातली काकू