आई, तुझ्या फोनवरच्या प्रश्नाचे उत्तर

पुणे

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

गणपतीत मी घरी आले होते तेव्हा माझ्या ओढणीची घडी घालताना आईला सिगारेटचा वास आला. त्या वेळी ती एक शब्द बोलली नाही, पण निघताना माझ्या पिशवीत अर्धा किलो गूळ आणि सुंठीची पुडी मात्र घातली. दसऱ्याला मी सिगारेट सोडली आणि तसे तुम्हाला कळवलेही. तरी परवा फोनवर आईने विचारलेच, "सोडलीस ते बरे केलेस, पण चार वर्षे अंगात मुरलेले विष आता निघायचे कसे?" मला पटकन उत्तर देता आले नाही, कारण त्याच प्रश्नाने गेले दोन महिने माझीही झोप उडवली होती. म्हणून हे पत्र.

सुरुवात कशी झाली तेही सांगून टाकते. रात्री दहानंतर परदेशातल्या लोकांशी बोलणी चालत, ती संपली की आमच्यातले चारपाच जण फाटकाबाहेरच्या टपरीवर चहाला जात. तिथे खांबाला सुतळीने एक लायटर बांधलेला असे. त्याची ज्योत इतकी मोठी होती की पहिल्याच रात्री माझे कपाळावरचे केस होरपळले, आणि मी हसत हसत दुसऱ्यांदा पेटवून घेतली. एकाची दिवसाला सहा-सात कधी झाली ते समजले नाही. पाकीट मी कधीच विकत घेतले नाही, नेहमी सुटी घेतली. महाराष्ट्रात २०२० पासून सुट्या सिगारेटच्या विक्रीला बंदी आहे, हे मला फार उशिरा कळले. पाकिटावर व्यसन सोडण्याच्या मदतीसाठी जो १८००-११-२३५६ हा क्रमांक छापलेला असतो, तोही त्यामुळे चार वर्षांत माझ्या नजरेस पडला नाही.

ताण कमी होतो असे मला खरोखरच वाटत होते. छातीच्या विकारांच्या डॉक्टरांनी ते शांतपणे उलगडून सांगितले. झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत जाते आणि बरे वाटते, पण साधारण दोन तासांत रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर येते आणि जीव कासावीस होऊ लागतो. ही कासाविशी मी कामाच्या खात्यावर मांडत होते. ज्या अस्वस्थतेवर उपाय म्हणून पुढची सिगारेट ओढायचे, ती बरीचशी आधीच्या सिगारेटनेच आणून ठेवलेली असे.

आता आईच्या प्रश्नाकडे येते. डॉक्टरांनी मला पंधरा सेकंद श्वास रोखून एका छोट्या यंत्राच्या नळीत फुंकायला लावले. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारे ते यंत्र होते, आणि त्यावर १९ आकडा आला. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून बसतो, असे ऐकल्यावर माझे हातपाय गार पडले. पण तोच वायू सिगारेट थांबवल्यावर एक-दोन दिवसांत निघूनही जातो. पुढच्या भेटीत आकडा २ होता. निकोटिनचे यकृतात रूपांतर होऊन जे कोटिनिन तयार होते, तेही आठवड्याभरात जवळपास संपते. म्हणजे ज्याची मला सर्वांत जास्त धास्ती होती, ते मी काहीही न करता, केवळ नवी भर न घातल्यामुळे गेले.

सगळेच जात नाही, हेही लपवत नाही. तंबाखूचे झाड जमिनीतला कॅडमियम हा धातू शोषून घेते. धुरातून तो अंगात येतो, मूत्रपिंडात साठतो आणि निम्मा व्हायलाच दहा ते तीस वर्षे घेतो. कर्करोगाचा वाढलेला धोकाही हळूहळूच उतरतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका निम्मा व्हायला साधारण दहा वर्षे जावी लागतात. हृदयविकाराचा वाढीव धोका मात्र वर्षभरातच निम्म्याच्या आसपास येतो. बाबा, तुम्हाला आकड्यांशिवाय काही पटत नाही, म्हणून एक सांगते. ब्रिटनमध्ये १९५१ पासून सुमारे ३४ हजार डॉक्टरांचा पन्नास वर्षे मागोवा घेतला गेला. तिशीच्या सुमारास सिगारेट सोडणाऱ्यांनी आयुष्याची सुमारे दहा वर्षे परत मिळवली, असे त्यात आढळले. ते सगळे पुरुष होते, तेव्हा तो आकडा मी स्वतःला जसाच्या तसा लावत नाही. पण तेहेतिसाव्या वर्षी मला तो धीर देतो.

आई, संक्रांतीला मी येईन तेव्हा कदाचित मला खोकताना ऐकशील. सोडल्यानंतर माझा खोकला वाढला आणि मी भयंकर घाबरले होते. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूचे केसांसारखे बारीक तंतू धुराने लुळे पडलेले असतात; ते पुन्हा हलू लागले की साचलेला कफ वर ढकलतात, म्हणून काही जणांना असा खोकला येतो. आणखी काही आठवडे राहिला तर दाखवायला ये, असे डॉक्टरांनी बजावले आहे आणि मी जाणार आहे. झोप उडण्याचे एक कारण तर चहा निघाले! धुरामुळे यकृत चहाकॉफीतले कॅफिन लवकर निकालात काढत असते. धूर थांबला की तेवढ्याच चहाचा असर जास्त होतो. आता संध्याकाळी पाचनंतर चहा बंद.

म्हणून एक विनंती. गुळाने फुप्फुसे धुऊन निघतात किंवा काढ्याने विष उतरते, असे काही होत नाही. ते काम यकृत, मूत्रपिंडे आणि फुप्फुसे आपली आपणच करतात. शेजारच्या काकूंनी सुचवलेले पायाला चिकटवायचे पट्टे तर मुळीच मागवू नका. सकाळी ते काळे पडतात ते घामाच्या ओलाव्याने, आणि पैसे फुकट जातात. डॉक्टरांनी दिलेले निकोटिनचे च्युइंगम पुरेसे आहे. ते सारखे चघळायचे नसते; चार वेळा चावून गालात दाबून ठेवायचे असते. ते पाहून मला आजीची मिश्री आठवते. तव्यावर तंबाखू भाजल्याच्या ठसक्याने सगळे घर खोकायचे आणि त्याला व्यसन कोणी म्हणत नसे.

गूळ मात्र संपला आहे. औषध म्हणून नको, पोळ्यांसाठी थोडा बाजूला काढून ठेव.

तुमची,
ताई